हंगेरीतला आपला माणूस

काकांच्या घरात भाड्यानं राहायचं तर आधी एक परीक्षा द्यावी लागे. नोकरी कुठे, मांस-मच्छी चालते का, पाहुणे किती येतील, हे घरमालकांचे नेहमीचे प्रश्न त्यांनी काकूंकडे सोपवले होते. ते स्वतः एकच विचारत. पिक्चर संपल्यावर पडद्यावर नावं सरकतात, ती शेवटपर्यंत बसून वाचता, की दिवे लागायच्या आत चपला शोधता?

मी अमरावतीहून आलेली. नवं राज्य झालं, राजधानी रायपूर ठरली आणि त्या राजधानीचे नकाशे काढणाऱ्या एका कचेरीत मला नोकरी लागली. तेलीबांध्याकडे एकट्या मुलीला खोली द्यायला कोणी तयार होईना, म्हणून तात्यापाऱ्यात, जुन्या मराठी वस्तीत हिंडत होते. तीन दिवसांच्या पायपिटीनंतर माणूस कुठलंही खोटं बोलतो. मी म्हटलं, शेवटपर्यंत वाचते. काकांनी लगेच पुढचा प्रश्न टाकला, शेवटी शेवटी कोणाची नावं येतात? मी अंदाजानं ठोकून दिलं, ड्रायव्हर लोकांची. काका काकूंकडे वळून म्हणाले, "दे इले खोली."

समोरच्या बैठकीत भिंतीवर अकरा फोटो एका रांगेत टांगलेले होते. सगळे काळेपांढरे, सगळे अस्पष्ट, सगळ्यांत एक गोरा माणूस. कुठे टोपी घातलेला, कुठे टक्कल पडलेला, कुठे मिशी, कुठे नुसती सावली. मला वाटलं घरातलं कोणी परदेशी जाऊन राहिलं असेल. विचारलं तर काका म्हणाले, "तो आपला माणूस हाये. हंगेरीचा."

हंगेरी आणि तात्यापारा यांचा संबंध कसा जुळला, ते पुढे हळूहळू कळलं. काका पाटबंधारे खात्यात लिपिक होते. तरुणपणी त्यांनी आणि रेल्वेतल्या चारपाच मराठी मंडळींनी मिळून एक फिल्म सोसायटी काढली. दर महिन्याला तिथल्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये एक परदेशी पिक्चर दाखवायचा, असा संकल्प. परदेशी म्हणजे कुठलाही नव्हे. जे पिक्चर कोणी आपण होऊन पाठवील ते, आणि पाठवणारे बहुतेक पूर्व युरोपातले असत. रिळांचे पत्र्याचे डबे रेल्वेनं येत, रेल्वेतली मंडळी ते उतरवून घेत आणि काका ते सायकल रिक्षात मांडीवर घेऊन आणत. पहिल्या महिन्यात हॉल ओसंडून वाहिला, कारण परदेशी पिक्चरला सेन्सॉर नसतो अशी बातमी गावात पसरली होती. तिसऱ्या महिन्यात पडद्यावर पाऊण तास बटाटे काढणं चाललं आणि चौथ्या महिन्यात सोसायटीचे खरे सभासद तेवढे उरले. ते एकोणीस होते.

त्या बटाट्यांच्या पिक्चरमध्येच काकांना आपला माणूस पहिल्यांदा दिसला. पोस्टमन होता. येतो, पत्र देतो, नायिका रडायला लागते तेव्हा नजर खाली करतो आणि जातो. बाकी सगळा हॉल नायिकेकडे पाहत होता. काका पोस्टमनकडे पाहत होते. पुढे दोन महिन्यांनी दुसऱ्या पिक्चरमध्ये स्टेशनमास्तर आला आणि काका खुर्चीतून अर्धे उठले. तोच! नंतर दंतवैद्य, पाद्री, न्यायाधीश, बग्गीवाला. जसजसा तो भेटत गेला तसतसे काका एका स्टुडिओवाल्या मित्राला कॅमेरा घेऊन पहिल्या रांगेत बसवू लागले. पडद्यावरून काढलेले ते फोटो; पोस्टमनसाठी बटाट्यांचा पिक्चर पुन्हा मागवला होता. अस्पष्ट येणारच.

शिवाय एक वही होती. लांब, सरकारी, पुठ्ठ्याच्या बांधणीची. तिच्यात काकांनी रकाने आखले होते: प्रवेश कुठून, हातात काय, बोलला का, मेला का. दहा पिक्चर मिळून आपला माणूस पडद्यावर तेवीस मिनिटं होता आणि दोनदा मेला होता. पण काकांनी त्या तेवीस मिनिटांवर एकशे साठ पानं लिहिली होती. त्यांचं म्हणणं असं, की पोस्टमनच्या वेळी त्याचे हात घट्ट होते, बॅग उगाच आवळून धरली होती. स्टेशनमास्तर होईपर्यंत बोटं सैल झाली. न्यायाधीशापर्यंत येता येता तो माणूस इतका मोकळा झाला, की निकाल सांगताना हात कुठे आहेत हेच आपल्या लक्षात येत नाही. "एवढ्याशा कामात माणूस कसा वाढत गेला पाहा," असं ते मला दर रविवारी सांगत. सहाव्या आणि सातव्या पिक्चरच्या मध्ये तो एकदम वाळला होता आणि बोटातली अंगठी गेली होती. त्यावरून त्याची बायको वारली, असा निष्कर्ष काकांनी काढला होता. तो निष्कर्ष निघाला त्या आठवड्यात त्यांनी गोड खाल्लं नाही, हे काकूंनी मला मागाहून सांगितलं. सांगताना त्यांचा चेहरा अगदी कोरा होता.

नाव त्यांनी एका माहितीपत्रकातून शोधलं होतं. दंतवैद्याच्या पिक्चरबरोबर छापील कागद आला होता, त्यात पात्रांपुढे नटांची नावं होती. ते नाव वहीच्या मुखपृष्ठावर मोठ्या अक्षरात होतं. पण ते उच्चारायचं तर तोंडातला पानाचा तोबरा थुंकावा लागे, म्हणून रोजच्या बोलण्यात "आपला माणूस".

आता हे सगळं ऐकून कोणी म्हणेल, रिकामटेकडा होता. पण काकांचं वेड पिक्चरपुरतं नव्हतं, म्हणूनच मला ते विसरता येत नाहीत. लग्नाला गेले तर नवरानवरीकडे ते पाहायचेही नाहीत. अंतरपाट धरणाऱ्या दोघांकडे पाहायचे आणि नंतर त्यांना गाठून सांगायचे, बाबा, हात एका रेषेत होते, छान केलं. सभेत पुढारी बोलून बसला की टाळी नाही. माइकची उंची कमी करून जाणाऱ्याला टाळी. मी एकदा तापानं पडले होते तेव्हा डॉक्टर घरी आले. डॉक्टरांच्या निदानाबद्दल काका एक अक्षर बोलले नाहीत, कंपाउंडरनं पिशवी कशी उघडली ते मात्र दोन दिवस सांगत होते. ऑफिसातही म्हणे साहेबांच्या खोलीत फाइल घेऊन जायचे, ठेवायचे, पान उघडून द्यायचे आणि साहेबांनी मान वर करायच्या आत बाहेर. बदली होऊन निघालेल्या एका साहेबांनी निरोप समारंभात यांनाच विचारलं होतं, आपण कोणत्या शाखेत असता?

हे काका अभिमानानं सांगत. हसून सांगत. पण एक गोष्ट ते हसून सांगत नसत. चौतीस वर्षं नोकरी करून ते वरिष्ठ लिपिक म्हणून निवृत्त झाले, आणि त्यानंतर पाच महिन्यांनी नवं राज्य झालं. भोपाळहून इकडे यायला कोणी राजी नव्हतं, मंत्रालयात खुर्च्या रिकाम्या, त्यामुळे इथे होते त्यांना बढत्या अशा मिळाल्या की काल टिपणी लिहिणारा आज तिच्यावर सही करू लागला. काकांच्या हाताखाली मसुदा लिहायला शिकलेला एक जण अवर सचिव झाला. त्याची गाडी कधी तात्यापाऱ्यातून गेली की काका दारातून आत येत आणि भिंतीसमोर उभे राहत. एकदा मी तिथेच होते. ते फोटोंकडे पाहून म्हणाले, "हा एकदाही हिरो नाही झाला. पण याचं सगळं जोडलं तं कोण्या हिरोपेक्षा मोठं होते. होते का नाही?" मी होतं म्हटलं. तो प्रश्न मला विचारलेला नव्हता हे कळायला मला वेळ लागला.

सोसायटीच्या इतिहासात काकांचा एक मोठा दिवस होता. तो मी पाहिला नाही, पण इतक्या वेळा ऐकला आहे की साक्ष देऊ शकेन. बग्गीवाल्याचा पिक्चर चालू होता. चौथ्या रिळात बग्गीवाला बर्फात मरतो. पाचवं रीळ लागलं आणि खानावळीत सूप वाढायला कोण आलं, तर आपला माणूस. काका ताडकन उभे राहिले. "प्रोजेक्टर बंद करा. हा मेलेला हाये. मेलेला माणूस सूप कसा वाढन?" रिळं उलटीपालटी लागली, असं त्यांचं म्हणणं. सोसायटीचे अध्यक्ष रेल्वेतले मोठे अधिकारी. ते म्हणाले, डब्यांवरचे आकडे मी स्वतः पाहिलेत, रिळं बरोबर आहेत. पण डब्यांवर इतक्या गावांच्या चिठ्ठ्या चिकटलेल्या होत्या की आकडे कोणते खरे हे देवच जाणे. मतदान झालं. नऊ विरुद्ध सात, तीन तटस्थ. पाचवं रीळ आधी आणि चौथं नंतर, अशा क्रमानं पिक्चर पुन्हा लावला. त्यात नायिका नवऱ्यासाठी आधी रडते आणि मग त्याला निरोप द्यायला स्टेशनवर जाते. एक सभासद म्हणाले, ही आठवणींची मांडणी आहे, युरोपात असंच असतं. सगळ्यांना पटलं. पुढच्या निवडणुकीत काका एकमतानं सचिव झाले. तेव्हापासून सोसायटीत आपल्या माणसाबद्दल काकांचा शब्द अखेरचा.

आता जे झालं ते माझ्यामुळे झालं, हे आधीच सांगून टाकते.

सोसायटी मी राहायला आले तोवर नावालाच उरली होती. पिक्चर येणं बंद झालं होतं, वर्षातून दोन व्याख्यानं होत. त्या वर्षी काकांनी ठरवलं, की आपण आता सत्तरीकडे निघालो, वही लोकांपुढे मांडायची. विषय ठरला: एका नटाची पडद्यावरची कारकीर्द. पत्रिका छापून आल्या. पण एक काटा होता. वहीतलं सगळं काकांनी स्वतः पाहून लिहिलं होतं आणि एकाही हंगेरीच्या माणसानं त्याला हो म्हटलेलं नव्हतं. "एकानं जरी पाहून मान हालवली ना, तं मी सुखानं मरन," असं ते पत्रिकांवर पत्ते घालता घालता म्हणाले. रायपुरात हंगेरीचा माणूस कुठून येणार, म्हणून काकूंनी विषय बदलला. आणि मी बोलून गेले. माझ्या कचेरीतल्या एका मैत्रिणीचा नवरा शहराबाहेर उरल्यात लोखंडाच्या एका रोलिंग मिलमध्ये सुपरवायझर होता. त्या मिलमध्ये बाहेरची मशीन आली होती आणि ती बसवायला एक म्हातारा फिटर आला होता. मिलमधले लोक त्याला हंगरी साहब म्हणत.

काकांच्या हातातली पत्रिका तशीच राहिली. काकू माझ्याकडे पाहत होत्या. त्या पाहण्याचा अर्थ तेव्हा मला कळला नाही, मला वाटलं ऊन फार आहे म्हणून पाहत असतील.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. काकांनी लग्नाकार्याचा कोट चढवला. अकराही फोटो चौकटींसकट भिंतीवरून उतरवले, काकूंच्या जुन्या लुगड्यात एकेक गुंडाळून पिशवीत भरले आणि ती पिशवी पोटाशी धरून माझ्या स्कूटीवर मागे बसले. उरल्याचा रस्ता म्हणजे ट्रकांचा आणि काळ्या धुळीचा. भनपुरी सोडल्यावर मी तोंडाला ओढणी बांधली. काका मात्र तोंड उघडून भाषणाची तालीम करत होते. दर खड्ड्याला चौकटी खडखडत आणि ते म्हणत, सांभाळून पोरी.

फिटर साठीच्या पुढचा होता. लालबुंद, जाड बोटांचा, हसरा. सुपरवायझरच्या केबिनमध्ये बसून डब्यातल्या पोळीबरोबर हिरवी मिरची खात होता आणि डोळ्यांतलं पाणी पुसत पुन्हा खात होता. सुपरवायझरनं आधीच सांगितलं, "दीदी, साहब को अंग्रेजी बस काम भर की आती है." पण बोलायची वेळच आली नाही. काकांनी पहिली चौकट टेबलावर ठेवली. न्यायाधीश. फिटरनं मिरची खाली ठेवली, हात पुसले, चौकट उचलली आणि असा ओरडला की बाहेरचे दोन कामगार काचेतून डोकावले. त्यानं छातीवर हात ठेवला, मग बोटानं सिनेमाच्या पडद्याचा चौकोन काढून दाखवला, मग हात खाली नेऊन, आपण एवढे असताना पाहायचो, असं दाखवलं. काकांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी त्याआधी कोणाच्या चेहऱ्यावर पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही.

दुसरी चौकट. फिटर पुन्हा ओरडला. मात्र ती त्यानं पहिलीच्या शेजारी न ठेवता जरा बाजूला ठेवली. तिसरी आली ती त्यानं पहिलीवर ठेवली. चौथी अगदी टेबलाच्या कडेला. काका त्याला एकेक देत होते आणि तो पत्ते लावावे तसा लावत होता. अकरा संपले तेव्हा टेबलावर चार ढीग झाले होते. एकात पाच, एकात तीन, एकात दोन आणि एक चौकट एकटीच.

मला कळलं. काकांना कळलं नव्हतं, किंवा कळून घ्यायचं नव्हतं. त्यांनी दोन्ही हातांनी चारही ढीग हळूच एकत्र केले आणि एक बोट वर करून दाखवलं: एक. फिटर हसला. नाही म्हणून मान हलवली. पुन्हा पहिल्यापासून लावायला लागला, या वेळी सावकाश, लहान मुलाला शिकवावं तसं. प्रत्येक ढिगावर पंजा ठेवून त्यानं एकेक नाव घेतलं. चार नावं. त्यातलं चौथं तेवढं ओळखीचं होतं, वहीच्या मुखपृष्ठावरचं. ते त्या एकट्या चौकटीचं होतं. दंतवैद्य. सगळ्यांत अस्पष्ट आलेला फोटो.

काकांनी पुन्हा एकदा चौकटी जवळ ओढल्या. मी त्यांच्या कोपराला हात लावला तेव्हा थांबले. मग त्यांनी खिशातून कागद काढला आणि फिटरपुढे पेन धरलं. त्यानं चारही नावं स्वच्छ अक्षरात लिहून दिली. त्याला फार आनंद झाला होता. आपल्या गावची चार माणसं इथे परमुलखात भिंतीवर टांगलेली आहेत, याचा आनंद. निघताना त्यानं काकांना मिठी मारली आणि काकांनी ती नीट मारून घेतली.

मिलच्या फाटकासमोर टपरी होती. काका म्हणाले, चहा घेऊ. बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसले. त्यांनी कागद उघडून पाहिला, मग एक बग्गीवाल्याची चौकट बाहेर काढली आणि एक सूपवाल्याची. दोन्ही शेजारी धरल्या. आळीपाळीनं पाहून म्हणाले, "मंजे रिळं बरोबर होती."

ते नाटकीपणानं नव्हते म्हणाले, फाइलवरची तारीख वाचावी तसे म्हणाले. मी सांगायला लागले की व्याख्यान परवा आहे, हॉलमध्ये यायचे ते वीस जण, त्यांच्यातल्या कोणाला काही माहीत नाही. मी बोलणार नाही, सुपरवायझर मराठी नाही. आहे तसंच वाचा. कोणाला कळणार आहे?

"त्या तिघायले कळन," काका म्हणाले.

ते तिघे कधीच मेले असतील, असं माझ्या ओठांवर आलं होतं. पण काकांनी चहाचा ग्लास उचलला नव्हता; मी तो त्यांच्याकडे सरकवला. तेव्हा तेच म्हणाले, "माह्या नावावर कोणी दुसऱ्याचं काम दाखवलं असतं तं चाललं असतं एकवेळ. मी याइचं काम दुसऱ्याच्या नावावर लावलं. तीस वर्षं." मग चहा पिऊन टाकला, गार झाला होता तरी.

सोमवारी संध्याकाळी मंडळाच्या हॉलमध्ये एकवीस माणसं होती. एक जास्त होती ती काकू. तीस वर्षांत सोसायटीच्या कुठल्याही कार्यक्रमाला त्या आल्या नव्हत्या. त्या दिवशी नऊवारी नेसून शेवटच्या रांगेत माझ्या शेजारी बसल्या. अध्यक्ष काठी टेकत आले आणि मधोमध बसले. काकांनी वही उघडली, मुखपृष्ठावरचं नाव वाचलं आणि वही मिटली.

त्यांनी फार थोडं सांगितलं. मी ज्याला एक समजत होतो ते चार जण निघाले, असं म्हणाले. चारही नावं वाचली, उच्चार चुकले असतील म्हणून माफी मागितली. कोण पोस्टमन, कोण न्यायाधीश, कोण पाद्री, ज्याचं त्याला वाटून दिलं. हात सैल होत गेले वगैरे जे मी सांगत आलो ते खोटं होतं, घट्ट हातांचा वेगळा होता आणि सैल हातांचा वेगळा. बायको कोणाची वारली नव्हती, निदान मला माहीत नाही. इथपर्यंत आवाज सरळ होता. मग ते अध्यक्षांकडे वळले आणि म्हणाले, "साहेब, बग्गीच्या पिक्चरची रिळं त्या दिवशी बरोबर होती. मी जबरदस्तीनं उलटी लावायला लावली. तुमची माफी मागतो."

हॉलमध्ये कोणी हसलं नाही. मला भीती होती ती हसण्याचीच. अध्यक्ष काठीवर जोर देऊन उभे राहिले. इतक्या वर्षांनी माणसाला जिंकायला मिळतं तेव्हा तो काय बोलेल याचा नेम नसतो. ते म्हणाले, "रिळं बरोबर आहेत असं मी तेव्हाच बोललो होतो. याची कार्यवृत्तात नोंद व्हावी." आणि बसले. कार्यवृत्त लिहिणारे सचिव म्हणजे काकाच. त्यांनी तिथल्या तिथे पेनाचं टोपण काढलं आणि उभ्याउभ्याच नोंद केली.

प्रश्न विचारायची वेळ आली. अध्यक्षांची नात कॉलेजात शिकायची, आजोबांना धरून आणायला आलेली. मराठी सगळं समजायचं, बोलायची हिंदी. तिनं हात वर केला. "अंकल, चार अलग-अलग लोग थे, तो आपको इतने साल एक ही क्यों लगे?"

काकांनी पेनाचं टोपण लावलं. मला वाटलं प्रिंट खराब होते, मिश्या सारख्या होत्या असं काही सांगतील. तेही खरंच होतं.

"बेटा, चार लहान माणसं तं मी ऑफिसात रोज पाहत होतो," ते म्हणाले. "त्यातला एक मीच होतो. मले एक पायजे होता, लहान लहान कामं करून मोठा झालेला. म्हणून तो मी जोडून घेतला."

मुलगी खाली बसली. तिला काय कळलं असेल ते असो, तिनं मान खाली घातली होती. माझे डोळे भरून आले आणि मी ते लपवले नाहीत. आभाराचं भाषण झालं, चिवडा आणि चहा झाला. लोक पांगले तसे काका खुर्च्या गोळा करून भिंतीशी रचायला लागले. ते काम दरवेळी तेच करत. मी मदतीला निघाले तर काकूंनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, चल, त्यांना करू दे.

आम्ही दोघी तात्यापाऱ्याच्या गल्लीतून चालत निघालो. दुकानं उघडी होती, गर्दी होती. मी माफी मागायला सुरुवात केली. उरल्याचं मी बोलायला नको होतं, माझ्यामुळे त्यांचं इतक्या वर्षांचं मोडलं. काकू दोन्हीकडची दुकानं पाहत चालत होत्या. एका ठिकाणी थांबून त्यांनी लिंबं घेतली.

"चार आहेत हे मले माहीत होतं," त्या लिंबं पिशवीत टाकत म्हणाल्या.

मी थांबले. कधीपासून, विचारलं.

"पह्यल्यापासूनच. दर शुक्रवारी त्या फोटोयवर फडकं मारते ना मी. मिश्या काय, लावल्या-काढल्या. कान कसे बदलतीन? एकाचे चिकटलेले, एकाचे लांब पाळीचे. तो सूपवाला तं एका कानानं वाकडा होता." त्या पुन्हा चालायला लागल्या. "सांगेन सांगेन म्हणत होती. हे रिटायर झाले तवा सांगणार होती. तं राज्य झालं, त्या पोट्ट्याची गाडी येऊ लागली गल्लीतून. मंग राहू देलं."

तीस वर्षं, मी म्हटलं. तीस वर्षं तुम्हाला ठाऊक होतं आणि तुम्ही एकदाही बोलला नाहीत. काहून?

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. आता मात्र मला ते पाहणं कळलं.

"सांगतलं असतं तं," त्या म्हणाल्या, "दुसऱ्या दिवशी डबा घेऊन ऑफिसात कोण गेलं असतं?"